त्रेसष्टाव्या आश्चर्यातली भिंत

मावशीनं अख्खा खंड पालथा घातला होता, आणि तोही एका लाकडी स्टुलावर बसून. छापखान्याच्या मागच्या खोलीत दुधी काचेचं एक मोठं टेबल होतं, त्याच्या पोटात चार दिवे होते, आणि त्या काचेवर एकतीस वर्षांत काय काय येऊन गेलं याची यादी करायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. क्षितिजापर्यंत पसरलेली मिठाची सरोवरं, तासातासाला फुसफुसत वर उडणारे गरम पाण्याचे फवारे, तळ न दिसणाऱ्या लाल दऱ्या, वाऱ्यासरशी जागा बदलणाऱ्या वाळूच्या टेकड्या, समुद्रात अर्धे बुडालेले बर्फाचे कडे. लोक यातलं एखादं बघायला आयुष्यभर पैसे साठवतात आणि बघून आल्यावर वर्षभर शेजाऱ्यांना छळतात. मावशीनं सगळं पाहिलं होतं, आणि प्रत्येक गोष्ट चार चार वेळा: एकदा निळ्यात, एकदा लालात, एकदा पिवळ्यात आणि एकदा काळ्यात.

तिचं कामच ते. रंगीत चित्र छापायचं तर त्याच्या चार फिल्म निघतात, एकेका रंगाची एक. त्या एकमेकींवर केसभरही न सरकता बसवायच्या, शेजारी मजकुराची फिल्म चिकटवायची आणि पान छपाईची प्लेट करायला पाठवायचं. केसभर जरी चुकलं तरी डोंगराला दोन शेंडे फुटतात आणि फोटोतल्या बाईचे ओठ गालावर येतात. मावशीच्या हातून गेलेल्या पानात असं कधी झालं नाही. भिंगातून सारखं बघून डोळे जातील हो, अशी कुणी काळजी दाखवली की ती म्हणायची, "माझे जातील तेव्हा जातील, तुमचे आधी उघडू देत."

निसर्गावर तिची फार भक्ती होती असं नाही, आणि त्याला कारण होतं. कुठलंही तळं छापायला आलं की मालक हमखास तिच्या पाठीमागे येऊन उभे राहत आणि म्हणत, "मावशी, निळा थोडा चढवा." थोडा म्हणजे दहा टक्के. मग ते तळं इतकं निळं व्हायचं की त्यात टाक बुडवून पत्र लिहावं. मजकुराचीही तीच कथा. "हे दृश्य शब्दांत मावत नाही," असं सांगून लेखक पुढे दीड पान शब्दच शब्द ओतत. मावशी ते चिकटवता चिकटवता वाचायची आणि नाकातल्या नाकात हसायची.

त्या वर्षी छापखान्याला मोठं काम मिळालं. आपल्या खंडातल्या शंभर नैसर्गिक आश्चर्यांचं पुस्तक, जाडजूड, चकचकीत कागद, पाच हजार प्रती. लिहिणाऱ्या माणसाला छापखान्यात सगळे 'प्रवासी' म्हणत, कारण तो कायम आत्ताच कुठून तरी आलेला असे नाहीतर आत्ताच कुठे तरी निघालेला असे. गोड माणूस. मशीनमनची तब्येत विचारायचा, बायंडिंगच्या बायकांना 'ताई, ताई' करायचा, आला की सगळ्यांसाठी चहा मागवायचा. अशा माणसावर रागावणं अवघड असतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मावशीला दुप्पट राग आला.

बासष्ट आश्चर्यं बिनबोभाट पार पडली. त्रेसष्टावं म्हणजे एक धबधबा. मावशीनं काळी फिल्म काचेवर पसरली, भिंग लावलं, आणि तिचा हात थांबला. धबधबा उलटा होता.

उलटा म्हणजे खालून वर जाणारा नव्हे. स्लाईडवरून फिल्म काढताना स्लाईड चुकून पालथी ठेवली गेली, तर चित्र आरशात बघितल्यासारखं निघतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. अक्षरं अशी उलटी झाली तर शेंबडं पोरही ओरडेल. डोंगर उलटा झाला तर कोण ओरडणार? असे कितीतरी डोंगर आजवर उलटे छापले गेलेत आणि लोकांच्या दिवाणखान्यांत सुखानं लटकताहेत. हा धबधबा उलटा आहे हे नुसत्या नजरेनं ओळखायला तिथे जन्माला यावं लागत होतं.

मावशी तिथे जन्माला आली होती.

ही गोष्ट छापखान्यात कुणाला माहीत नव्हती. तिनं लपवली होती असं नाही, कुणी विचारलंच नव्हतं. पुस्तकात त्या धबधब्याला कुणा मोजणी अधिकाऱ्याचं नाव होतं, कारण म्हणे त्यानं तो 'शोधला'. जसा काही धबधबा आजवर हरवला होता! तिथे राहणारी माणसं त्याला थोरली म्हणायची. उन्हाळ्यात पाणी आटलं की "थोरली रुसली", आणि पुराच्या दिवसांत "थोरली आज कुणाच्या बापाचं ऐकायची नाही". मावशीचा जन्म झाला तेव्हा आई म्हणाली, थोरली दारात आहेच, ही आमची धाकटी. तेव्हापासून घरात ती धाकटीच. एकवीस घरं होती तिथे, वरच्या वाटेपासून खालच्या उतारापर्यंत, आणि कड्याला सगळ्यात लागून त्यांचं. धाकटी रांगायला लागली ती एक दिवस रांगत रांगत थेट कड्याच्या टोकाशी. दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, पाय धरून मागे ओढली म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी बापानं हातातली सगळी कामं टाकली आणि अंगणाच्या त्या कडेला भिंत घालायला घेतली. कंबरभर उंच, चुना नाही की माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि फटींतून ठोकून बसवलेल्या दगडाच्या चिपा. महिना गेला त्यात.

ती नऊ वर्षांची असताना जीपमधून वनखात्याची माणसं आली. त्यांनी फिती धरल्या, खांब रोवले आणि सांगितलं, ही जागा आता सगळ्यांची झाली, तेव्हा तुम्ही निघा. सगळ्यांची! त्या सगळ्यांत आपल्याला धरत नाहीत हे धाकटीला नवव्या वर्षीच कळलं, आणि मग पुढच्या आयुष्यात नवीन कळण्यासारखं फारसं उरलं नाही. एकवीस घरं चार ट्रकांत भरली. शहराच्या कडेला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, काही वर्षांनी त्याही पाडल्या, माणसं पांगली. बाप तीन वर्षांत गेला. शेवटी शेवटी तो दारात बसून रिकामे हात असे फिरवायचा, जसा काही दगडाची बाजू चाचपतोय.

आणि आता भिंगाखाली, चित्राच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी ती भिंत होती. डावीकडे असायची ती उजवीकडे. एक टोक ढासळलेलं, वर शेवाळ, पण तीन थर स्वच्छ मोजता येत होते. मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. भिंत तिथेच होती. मग तिनं शेजारच्या मजकुराची पट्टी उजेडावर धरली.

"या धबधब्याचं खरं वैभव त्याच्या एकांतात आहे," प्रवाशानं लिहिलं होतं. "इथे माणूस कधीच राहिला नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पलीकडच्या कठड्याला टेकून दोन तास फोटो काढले, गाडीत बसून निघून आला, आणि सांगतो काय, तर कधीच नाही. 'बहुधा' नाही, 'असं म्हणतात' नाही. कधीच! माणसानं स्वतःच्या बायकोबद्दलसुद्धा इतक्या खात्रीनं बोलू नये.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं दादाला सांगितलं. दोघं भाऊबहीण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. तिचा नवरा लवकर गेला होता, दादानं लग्नच केलं नव्हतं. जन्मभर लोकांच्या खुर्च्यांना गाद्या बसवून त्याचे गुडघे गेले होते आणि आता तो खिडकीपाशी बसून असायचा. थोरलीचा विषय निघाला की तो नेहमी दुसरंच काही तरी बोलायचा. त्या दिवशीही त्यानं आधी नळाला पाणी कधी येणार ते विचारलं.

"दादा, मी काय सांगतेय? आपली भिंत आहे त्यात. आणि खाली लिहिलंय, कधी कोणी राहिलंच नाही."

"पुस्तकं रद्दीत जातात, धाकटे. लिहीना का."

"लिहीना का? तुला काहीच वाटत नाही?"

"वाटून काय करायचं? आपल्याला कोण विचारतंय? तू आपलं गप काम कर."

गप बस, गप बस! पन्नास वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता आणि तिलाही बसवत होता. मावशीला त्या रात्री प्रवाशापेक्षा भावाचा राग जास्त आला आणि ती त्याच्याशी न बोलता झोपली.

सकाळी ती थेट मालकांसमोर उभी राहिली आणि चित्र उलटं असल्याचं सांगितलं. मालकांनी मूळ स्लाईड मागवली, तिच्या कडेचे आकडे बघितले, आणि खरंच की, फिल्म उलटीच निघाली होती. मालक खूश. त्यांनी लगेच प्रवाशाला फोन केला, आणि तो नेमका शहरात असल्यामुळे तासाभरात हजरही झाला. आल्या आल्या त्यानं मावशीपुढे हात जोडले.

"ताई, लाज राखलीत! मी स्वतः तिथे गेलोय, फोटो मी काढलाय, आणि मला कळलं नाही. तुम्ही कसं हो ओळखलंत?"

"आमचं घर होतं तिथे."

प्रवासी हसला. मग ती हसत नाहीये हे बघून थांबला. "म्हणजे, त्या भागात?"

"भागात नाही, तिथे. तुम्ही लिहिलंय ना, इथे माणूस कधीच राहिला नाही? त्याच इथे. एकवीस घरं होती. ती ओळ खोटी आहे, ती काढा."

मालक मध्ये पडले. "मावशी, आपण छापणारे. लिहिणं त्यांचं काम."

"मग चित्र उलटं आहे हे तरी कशाला सांगितलं मी? छापायचं की तसंच."

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो," प्रवासी मऊ आवाजात म्हणाला.

"भावना नव्हत्या साहेब, घरं होती."

"हो, पण मी काही मनाचं लिहिलेलं नाही. वनखात्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट दिलंय. त्यांच्याच परवानगीनं फोटो काढलेत. उद्या त्यांनी विचारलं, पुरावा काय, तर मी काय दाखवू?"

ज्यांनी हाकललं त्यांच्याच कागदावर लिहिलंय की इथे कुणी नव्हतं, आणि पुरावा कुणी द्यायचा, तर हाकललेल्यांनी! मावशीनं त्याला टेबलापाशी नेलं, स्लाईड काचेवर ठेवली, कोपऱ्यावर भिंग ठेवलं आणि म्हणाली, "बघा."

त्यानं वाकून बघितलं. "खडक आहेत हे. नैसर्गिक."

"खडक स्वतःच्या फटीत चिपा ठोकून घेतो होय? थर मोजा. तीन आहेत. वरच्या दगडाचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ दिलाय का कुठे? माझ्या बापानं बसवलेत ते दगड, मी कड्यावरून पडू नये म्हणून. एक महिना खपत होता."

प्रवासी पुन्हा वाकला, आणि या वेळी बराच वेळ वाकून राहिला. मान वर केली तेव्हा त्याला पटलेलं होतं. मावशी जन्मभर छपाईच्या चित्रांतले बारीक ठिपके वाचत आलेली बाई, तिला त्याचा चेहरा वाचता येणार नाही होय? क्षणभर तिला वाटलं, जिंकले.

"खरंच की," तो हलकेच म्हणाला. मग मालकांकडे वळला. "हे काढून टाकता येईल ना? आता एकदा दिसलं की नजर तिथेच जाते. त्या जागी थोडं गवत आलं तर..."

"मावशींसारखा हात आहे कुणाचा?" मालक म्हणाले. "अशी काढतील की देवालाही कळायचं नाही." त्यांना वाटलं आपण मावशीचं कौतुकच करतोय.

मावशीचा आवाज अख्ख्या छापखान्याला ऐकू गेला. "डोंगराबद्दल मी सांगितलं ते खरं, आणि माणसांबद्दल सांगितलं ते खोटं? एकाच तोंडानं सांगितलं ना मी दोन्ही? आणि आता पुरावा दाखवला तर पुरावाच पुसा? तोही माझ्या हातानं?"

प्रवाशाचे कान लाल झाले. वाईट माणूस नव्हताच तो. चांगली माणसं लाजेनं लाल होऊन जेवढं नुकसान करतात तेवढं वाईट माणसांना जमत नाही. "आभाराच्या पानावर तुमचं नाव घालतो, ताई," तो म्हणाला. "सगळ्यात वर."

"कशाचे आभार? भिंत पुसून दिल्याचे?"

प्रवाशानं खिशातून लाल पेन काढलं आणि प्रूफावर लिहिलं: चित्र सरळ करणे, खालच्या कोपऱ्यातले दगड काढणे. खाली सही केली. दुपारच्या गाडीनं त्याला कुठल्याशा गुहांकडे जायचं होतं. मालकही कागदाच्या गिरणीत जायला निघाले, आणि जाता जाता दारातून म्हणाले, "मावशी, आजच्या आज प्लेटला जाऊ दे. उगाच ताणू नका."

सरळ फिल्म काढून झाल्या आणि मावशीनं त्या टेबलावर घेतल्या. भिंत आता डावीकडे होती, आपल्या जागी. ती काढणं काही कठीण नव्हतं. ठिपक्यांना रसायन लावून ते हलके करायचे, मग बारीक ब्रशनं गवताची पाती ओढायची. अर्ध्या तासाचं काम. आजवर तिनं किती काय काय काढलं होतं! आकाशातल्या विजेच्या तारा, सरोवराकाठचे कचऱ्याचे ढीग, एका भव्य कड्याच्या आडोशाला निवांत बसलेले एक गृहस्थ. आणि एका वाळवंटातून, आता तिला आठवलं, तिनं तंबूंची एक रांगच काढली होती. लांबवर, ओळीनं उभे असलेले सात-आठ तंबू, त्यांतल्या एकातून निघणारा धूर. मालक म्हणाले होते, मावशी, वाळवंट कसं ओसाड दिसलं पाहिजे. तिनं दुपारच्या चहाच्या आत ते ओसाड करून दिलं होतं. ते तंबू कुणाचे, हे तिनं विचारलं नव्हतं. मनातसुद्धा आलं नव्हतं. वर मालकांची शाबासकी घेऊन घरी गेली होती. मावशीला स्वतःची इतकी चीड आली, की तेवढी तिला प्रवाशाचीही आली नव्हती.

तिनं ब्रश खाली ठेवला आणि कापायचं पातं उचललं.

मजकुराची फिल्म चित्राच्या शेजारी चिकटवलेली होती. मावशीनं पट्टी लावली, आणि "इथे माणूस कधीच राहिला नाही" ही ओळ वरून, खालून, दोन्ही बाजूंनी कापून अलगद उचलली. खालच्या ओळी वर सरकवल्या नाहीत. सरकवल्या असत्या तर कुणाच्या लक्षात आलं नसतं, आणि लक्षात यावं असंच तिला वाटत होतं. कापलेल्या कडांची रेघ प्लेटवर उमटू नये म्हणून ती नेहमीप्रमाणे नीट बुजवली, कारण राग आपल्या जागी आणि काम आपल्या जागी. भिंतीला तिनं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनमननं पहिला कागद ओढला आणि तो हातात धरूनच मागच्या खोलीत आला. मावशीइतकाच जुना माणूस, कानानं थोडा कमी.

"मावशी, एक ओळ पडलीय."

"पडली नाही. काढलीय."

"प्रूफात तर आहे. आणि हे दगड जायचे होते ना?"

मावशीनं त्याच्या हातात भिंग दिलं आणि कोपरा दाखवला. त्यानं एक डोळा मिटून बघितलं. "कुणी बांधली?"

"आमच्या बाबांनी."

"आणि तुम्ही कधी निघालात तिथून?"

"पन्नास वर्षं झाली."

"पन्नास वर्षं उभी आहे म्हणजे बरी बांधली," मशीनमन म्हणाला. त्यानं हात फडक्याला पुसले आणि जाऊन मशीन चालू केली.

पुढे व्हायचं ते झालं. आठवड्यानं पुस्तकं बांधून व्हायला लागली, मालकांनी वरची प्रत कौतुकानं उघडली, पानं चाळत त्रेसष्टाव्यावर आले आणि ओरडले. भिंतीचं त्यांना एक वेळ चाललं असतं, तांदळाएवढी भिंत कोण बघतंय. पण मजकुराच्या मधोमध ओळभर भोक? पान पुन्हा छापायला वेळ नव्हता, परवानगी देणाऱ्या खात्याला पुस्तक द्यायची तारीख परवावर आली होती. मालकांनी उपाय काढला. तेवढी एक ओळ पट्टीवर छापून घेतली, पट्ट्या कापल्या आणि त्या एका खोक्यात भरून खोका मावशीसमोर आदळला.

"तुम्ही कापलीत, तुम्हीच चिकटवायची. पाच हजार."

मावशीनं खोक्यात बघितलं. बोटभर लांबीच्या पाच हजार पट्ट्या, आणि प्रत्येकीवर तेच: इथे माणूस कधीच राहिला नाही, इथे माणूस कधीच राहिला नाही. खळीची वाटीही शेजारी ठेवलेली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. आपलीच गोष्ट खोटी आहे, हे आपल्याच हातानं, पाच हजार वेळा, आणि वर पट्टी वाकडी लागता कामा नये.

"मालक," ती म्हणाली, "एकतीस वर्षांत मी तुमचं एक पान वाकडं जाऊ दिलं नाही. हे मी करणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्याची वाट कशाला बघू?"

ती उठली. बांधून झालेल्या ढिगातली एक प्रत, बिनपट्टीची, तिनं काखेत घेतली. "दर पुस्तकाची एक प्रत कामगाराला मिळते असा इथला रिवाज आहे. मी आजवर एकही नेली नव्हती. ही नेते." पट्ट्या मग बायंडिंगच्या बायकांनी चिकटवल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांच्याही घरी माणसं होती.

भर दुपारी धाकटीला दारात बघून दादा दचकला. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि त्रेसष्टावं पान उघडून पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. दादानं चष्मा लावला. चित्र मोठं, दोन वीत रुंद पसरलेलं, पण त्याचं बोट इकडे तिकडे फिरलं नाही, सरळ खालच्या डाव्या कोपऱ्यात गेलं आणि तिथे थांबलं. मग ते मजकुरावर आलं, ओळीओळीनं खाली उतरलं आणि कोऱ्या जागेत अडखळलं.

"इथे काय होतं?"

"इथे माणूस कधीच राहिला नाही, असं होतं. मी कापलं. नोकरी गेली."

मावशीला वाटलं, आता हा नळाच्या पाण्याचं विचारणार, आणि विचारलं तर पुस्तक उचलून खिडकीबाहेर फेकायचं असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

"कोण म्हणतो?" दादा म्हणाला. आवाज असा, की तिला आधी वाटलं बाहेरून कोणी बोललं. "कोण म्हणतो कोणी राहिलं नाही? मग चार ट्रकांत काय भरून नेलं त्यांनी? दगड?" त्यानं हात पुढे केला. "पेन दे. पेन दे मला."

तिनं पेन दिलं. त्यानं कोऱ्या ओळीत लिहायला सुरुवात केली, मोठ्या, शाळेतल्यासारख्या अक्षरांत. वरच्या वाटेचा सुतार, त्याची आंधळी आई, बायको, दोन मुलगे. ओळ तिथेच संपली. मग तो समासात शिरला. मधवाला आणि त्याचा मुका भाऊ. भांडखोर जावा, दोघींची मिळून सात पोरं.

"सुताराला तीन मुलगे होते," मावशी म्हणाली.

"दोन. तिसरा पत्र्याच्या खोलीत झाला."

समास भरला तसं पेन चित्रात गेलं, आणि धबधब्यावरच्या त्या चढवलेल्या निळ्या आभाळात दादा घरं लिहायला लागला. चकचकीत कागदावर शाई धरत नव्हती, म्हणून तो जोर देऊन, कागद खरवडून लिहीत होता. सुईण. तिचा आळशी नवरा. पोहायला शिकवणारा म्हातारा. एकेका नावाशी थांबून तो मनात मोजायचा, कुणाच्या मांडीवर कोण होतं ते आठवायचा, आणि पुढे जायचा. मावशी ज्यांना पार विसरली होती अशी माणसं आभाळातून खाली उतरत होती. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, की इतकं सगळं पोटात ठेवून हा माणूस पन्नास वर्षं खुर्च्या शिवत बसला! विसावं घर झालं. एकविसावं त्यानं अगदी खाली, भिंतीच्या वर लिहिलं. बाबा, आई, मी, धाकटी.

आता चित्रात जागा उरली नव्हती. दादानं पान दाबून धरलं आणि श्वास घेतला.

"गुरं राहिली," तो म्हणाला, आणि पान उलटलं. पुढचं चौसष्टावं आश्चर्य म्हणजे मिठाचं एक सरोवर होतं, दोन्ही पानं भरून, पांढरंशुभ्र आणि रिकामं. लिहायला हवी तेवढी जागा. त्यानं पेन टेकवलं, तेवढ्यात मावशीनं त्याचा हात धरला.

"तिथे नको, दादा."

"का? मोकळंच तर आहे."

"आपलंही मोकळंच दिसत होतं. तिथेही कोणी राहत असेल."

दादानं त्या पांढऱ्या पानावरून पेन उचललं. मग दोघांनी पुस्तकाच्या अगदी शेवटचा कोरा कागद शोधला आणि गुरं त्यावर लिहिली, एकेक करून, नावानिशी.